झुडूप काढून झाड लावू नका

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या वर्तमानपत्रात वृक्षलागवडीची छायाचित्रं सुरू होतात. खड्डा, खड्ड्यात रोप, रोपाला धरलेले आठ-दहा हात आणि मागं उघडीबोडकी टेकडी. परवाच्या अंकात असंच एक छायाचित्र होतं. लागवडीसाठी टेकडीवरचा ‘निरुपयोगी झाडोरा’ काढून जागा तयार केली, अशी ओळ त्याखाली होती. टेकडी कुठली आणि मंडळी कोण, ते मी इथं लिहीत नाही. माझं भांडण कुणा एकाशी नाही. पण त्या छायाचित्राच्या उजव्या कोपऱ्यात तोडलेल्या फांद्यांचा ढीग दिसतो, आणि त्यातल्या एक-दोन फांद्यांना पिळाच्या वाळक्या शेंगा लटकलेल्या आहेत. भिंग लावून पाहिलं. ती मुरुडशेंग आहे. माझ्या दुकानात ती किलोवर येते आणि तोळ्या-मासाच्या हिशेबानं जाते. म्हणून हे पत्र.

जुन्या नाशकात, दहीपुलाच्या बाजूला आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. सासऱ्यांनी थाटलं, त्यांच्या मागं मी बघते. लग्नाआधी मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं. गल्ल्यावर बसून त्याचा काही उपयोग होईल असं माहेरी कुणाला वाटलं नव्हतं. होतो. पोत्यातून येणारी वस्तू झाडावर कशी दिसते हे ठाऊक असलं की घाऊक व्यापारी सहजी गंडवू शकत नाही, आणि एकदा दोनदा तोंडावर पडला की तोही पुन्हा त्या वाटेला जात नाही.

मुरुडशेंग माहीत नाही असं घर नाशकात सापडणं अवघड आहे, पण ती माहीत असते सहाणेवरची. बाळंतिणीच्या घरून घुटीची यादी येते: बाळहिरडा, वेखंड, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, नागरमोथा, ज्येष्ठमध, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम आणि मुरुडशेंग. पूर्वी यादी आजीच्या अक्षरात यायची, आता व्हॉट्सॲपवर येते आणि त्यात वेखंडाचं हमखास ‘वेखंडे’ झालेलं असतं. कशाचे किती वेढे द्यायचे यावरून विहीणबाई विहीणबाईंचे वाद माझ्या काउंटरवरच होतात. मी मध्ये पडत नाही. विचारलंच तर एवढंच सांगते की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आधी त्यांना विचारा, मग या. याने माझा धंदा बसलेला नाही. मोठ्या माणसांतही पोटात मुरडा धरला, आव पडली की शेंग उगाळून घेणारे आहेत. आयुर्वेदात तिला आवर्तनी म्हणतात आणि अतिसारावर ती सांगितलेली आहे. मी वैद्य नाही, त्यामुळं त्या बाबतीत याहून जास्त बोलत नाही. मला सांगायचंय ते झुडपाविषयी, कारण शेंग ओळखणाऱ्या बहुतेकांनी झुडूप कधी पाहिलेलं नसतं.

ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. पेठ रस्त्याला सावळघाटाच्या आसपास, हरसूलकडं, सुरगाण्याकडं, त्र्यंबकच्या डोंगरांच्या पायथ्याला, साग-ऐन-खैराचं विरळ रान जिथं शिल्लक आहे तिथं खालच्या अंगाला मुरुडशेंग असतेच. पेठकडची माणसं तिला केवण किंवा केवणी म्हणतात. दीड-दोन पुरुष उंची, बुंधा असा एक नाही, जमिनीपासूनच चार-सहा काठ्या फुटलेल्या. कारवीचं जसं कौतुक होतं तसं हिचं होत नाही. कारवी सात वर्षांनी फुलते म्हणून लोक गाड्या भरून डोंगरावर जातात, सेल्फी काढतात, निम्मी कारवी तुडवून येतात. मुरुडशेंग बापडी दर पावसाळ्यात फुलते, त्यामुळं तिला विचारतो कोण! एका अर्थी बरंच आहे म्हणा.

पान हातात घ्या. साधं, रुंद, टोकाकडं एकदम अणकुचीदार झालेलं, कडेला बारीक-मोठे दाते. देठाशी ते हृदयाच्या आकाराचं असतं, पण दोन्ही बाजू सारख्या नसतात. एक बाजू जरा खाली उतरलेली. वरून बोट फिरवलं तर पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं, खालून मऊ. ही खरखर कशाची ते साध्या दहापट भिंगातून दिसतं. प्रत्येक केस एकटा नसतो, एका बिंदूतून चारी दिशांना फुटलेला असतो, म्हणजे पानभर बारीक चांदण्या. वनस्पतिशास्त्रात त्यांना तारकाकृती रोम म्हणतात. कोवळ्या फांदीवरही तेच. पानं एकाआड एक येतात आणि फांदीच्या दोन्ही बाजूंना दोन ओळींत बसतात, त्यामुळं फांदी वरून चपटी वाटते. धामणीशी तिची गफलत होते, कारण धामणीचं पानही खरखरीत असतं. पण धामणीला पिळाची शेंग येत नाही. काटा कुठंही नाही. हे मुद्दाम लिहितेय, पुढं त्याचं काम आहे.

फूल मात्र पावसात भिजत जाऊन पाहण्यासारखं आहे. पानाच्या बगलेत एकटं किंवा दोन-चारच्या झुबक्यानं येतं. एकाच फांदीवर विटकरी-लाल फुलं असतात आणि शिशासारख्या राखट-निळसर रंगाचीही असतात, त्यामुळं नवखा माणूस दोन जातींची झुडपं एकमेकांत वाढलीत असं समजतो. तसं नाही. या फुलाचा रंग त्याच्या वयाबरोबर बदलतो. ताजं एका रंगाचं, शिळं दुसऱ्या. तळाशी नळीच्या आकाराचा निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांच्या बाहेरचा वेढा, त्याला असमान पाच दाते. पाकळ्या पाच, त्याही सारख्या नाहीत, आणि सगळ्या मागं वळलेल्या. मधून एक लांब दांडा पाकळ्यांच्या पार बाहेर येऊन किंचित वाकतो. बहुतेक फुलांत बीजकोश तळाशी बसलेला असतो. इथं बीजकोश आणि पुंकेसर दोन्ही त्या दांड्याच्या टोकाला आहेत, मध मात्र खाली नळीत. शिंजीर येतो, फांदीला लटकून चोच नळीत घालतो आणि वरचं टोक त्याच्या डोक्याला घासतं. कपाळावर पराग घेऊन तो पुढच्या फुलावर जातो. बुलबुलही येतात. त्यांचं काम जरा धसमुसळं, पण होतं. देठांशी मुंग्यांची ये-जा दिवसभर चालू असते. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या मंडळींना माझी एक सूचना: पावसाळ्यात त्या मोठ्या कॅमेऱ्यांसह धरणावर जाऊन बदकांची वाट बघण्यापेक्षा फुललेल्या केवणीसमोर छत्री घेऊन तासभर बसावं.

फूल गळतं. पाकळ्या जातात, दांडा राहतो, आणि टोकावरचा बीजकोश वाढायला लागतो. त्यात पाच कप्पे असतात. पाचही लांबत जाताना एकमेकांभोवती पीळ घेतात. दीड-दोन इंचांची हिरवी शेंग तयार होते, ती हिवाळ्यात तपकिरी होते, पुढं काळपट. वाळली की प्रत्येक कप्पा आतल्या शिवणीवर उकलतो आणि बारीक, काळपट, कंगोऱ्यांचं बी खाली पडतं. आमच्याकडं येणारी शेंग त्याआधी तोडलेली असावी लागते. चांगला माल कसा ओळखायचा, तर पीळ घट्ट, रंग तपकिरी, मोडली की कट्कन आवाज, आत बी शाबूत. पीळ सैल, वजनाला हलकी, सुईएवढी भोकं आणि पोत्याच्या तळाला पिठी जमलेली असली तर तो माल गेल्या सालचा. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही म्हणून तो खपतो, ही वेगळी गोष्ट.

कार्ल लिनियसनं १७५३ साली हिला हेलिक्टेरेस आयसोरा असं नाव दिलं. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, डच अधिकारी व्हान ऱ्हीडनं केरळात करवून घेतलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात ती आलेली आहे. आम्ही शिकलो तेव्हा तिचं कुळ स्टर्क्युलिएसी होतं, म्हणजे कांडोळाचं. आता ते कुळच माल्व्हेसीत घातलंय, म्हणजे भेंडी, अंबाडी, कपाशी, जास्वंद यांच्या गोतावळ्यात. गंमत म्हणजे त्या गोतावळ्यातही हिची जवळची भावकी लागते ड्युरियनशी. वासामुळं हॉटेलवाले दाराबाहेर ठेवायला लावतात तेच आग्नेय आशियातलं काटेरी फळ. पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेपासून म्यानमार, थायलंड, दक्षिण चीन आणि पार ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत मुरुडशेंग आहे. तेव्हा ती काही दुर्मीळ वनस्पती नाही. अंजनेरीच्या पठारावरच्या अंजनेरी कंदीलपुष्पाचं शास्त्रीय वर्णन २००६ साली झालं, त्याच्यासाठी अभ्यासक धावतात आणि धावलंच पाहिजे; त्याचं घर फार लहान आहे. मुरुडशेंगेचं तसं नाही. म्हणूनच ती बिनदिक्कत तोडली जाते. जे सगळीकडं आहे ते आपल्या टेकडीवरून गेलं तर कुणाच्या लक्षात येत नाही.

लक्षात येतं ते शेंगा गोळा करणाऱ्यांच्या. हरसूलकडच्या एक मावशी माझ्याकडं वर्षानुवर्षं माल आणतात. मुरुडशेंग, धायटीची फुलं, हिरडा, बेहडा, पावसाळ्यात पेठ नाक्यावर विकायला आणलेल्या भारंगीतली एक जुडी मला फुकट. यंदाच्या हिवाळ्यात शेंग निम्मीच आली. मी म्हटलं, “मावशी, दुसरीकडं दिलीत का?” त्या म्हणाल्या, “नाय वो ताई. त्या अंगाची समदी केवण काढली. मिशन लावलं नि साफ केली. खड्डं केलं त्यात झाडं लावली.” कसली झाडं, विचारलं. “काय ठावं. बकरी बी खात नाय.” मग त्यांनी पान दाखवायला हातानं आकार केला आणि मला कळलं, गिरिपुष्प. मूळ मध्य अमेरिकेतलं. लवकर वाढतं, गुरं तोंड लावत नाहीत, जगण्याचं प्रमाण चांगलं दिसतं, त्यामुळं लागवड करणाऱ्यांचं ते लाडकं. चार पैशांची शेंग गेली. मोळी बांधायला सालही गेली, कारण केवणीची ओली साल वरपासून खालपर्यंत एका ओढीत निघते आणि तिच्या वाखाची दावी, दोऱ्या वळतात. अंबाडीच्या भावकीतली आहे म्हणून वर सांगितलं ते उगाच नव्हे.

आता मुद्दा. जंगल म्हणजे नुसती उंच झाडं, ही समजूत शहरात पक्की बसलेली आहे. रानात तीन-चार मजले असतात. वर साग, ऐन, खालच्या अंगाला मुरुडशेंग, करवंद, धायटी, कुडा, दिंडा, त्याखाली गवत आणि पालापाचोळा. सागाखाली झुडूप नसलं तर काय होतं ते पावसात उभं राहून पाहावं. सागाच्या थोराड पानावर पाणी गोळा होतं आणि मोठ्या थेंबांनी खाली कोसळतं. उघड्या जमिनीवर तो थेंब माती उडवतो. मध्ये झुडपाची पानं असली तर तिथंच तो फुटतो. नाशिक शहरात ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण इगतपुरीकडं तोच ३,००० मिलिमीटरच्या पुढं जातो आणि त्र्यंबकचे डोंगर या दोहोंच्या मध्ये कुठंतरी. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी हीच माती घेऊन खाली येते. गंगापूर धरणातल्या गाळाच्या बातम्या तुम्हीच छापता. त्या पानावर गाळाची बातमी आणि या पानावर झुडपं हटवल्याची कौतुकाची ओळ, हे एकाच अंकात बरं दिसत नाही.

दुसरं असं की मुरुडशेंग तोडली तरी बुडख्यातून पुन्हा फुटते, वणव्यानंतरही फुटते. उजाड झालेल्या रानात सावलीची सुरुवात अशा झुडपांनीच होते. त्यांच्या आडोशाला ऐनाचं, बेहड्याचं, पळसाचं रोप ऊन आणि बकऱ्या चुकवून वर येतं. म्हणजे ज्या टेकडीवर मुरुडशेंग उभी आहे त्या टेकडीवर जंगल यायला सुरुवात झालेली आहे. तिथं मशिन लावून मुळासकट उपटायचं आणि मग उघड्या मुरमात रोपं लावून मार्चमध्ये टँकरनं पाणी घालायचं, याला मी तरी उद्योग म्हणते, लागवड नाही. ‘गोल्डन अँगल’ नावाच्या एका फुलपाखराची अळी याच झुडपाची पानं खाऊन वाढते. पान दुमडून आत घर करते. गिरिपुष्पावर ती जगणार नाही.

मला मान्य आहे की टेकड्यांवर काढण्यासारखं पुष्कळ आहे. घाणेरी काढाच. तिनं आपले डोंगर गिळलेत. पण घाणेरी ओळखून काढा. तिचं खोड चौकोनी, त्यावर उलटे बारीक काटे, पानं समोरासमोर, चोळलं की उग्र वास. मुरुडशेंगेला काटा नाही, पानं एकाआड एक, वास नाही. कोयता घेतलेल्या माणसाला हा फरक पाच मिनिटांत सांगता येतो. खरं तर पेठ-त्र्यंबककडच्या मजुराला सांगावाही लागत नाही, तोच तुम्हाला सांगेल. पण जेसीबीला तो फरक कोण सांगणार? आणि ठेका एकरावर दिलेला असला की माणूसही जेसीबीसारखाच वागतो.

आकड्यांचा सोसही यामागं आहे. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीची मोहीम झाली, तेव्हापासून तर खड्डे मोजणं म्हणजेच पर्यावरण असं होऊन बसलंय. खड्डा मोजता येतो, रोप मोजता येतं. आपण होऊन उगवलेलं झुडूप कुणाच्या खात्यावर जमा होत नाही. तपोवनातल्या झाडांवर सिंहस्थासाठी कुऱ्हाड येणार म्हटल्यावर नाशिककर रस्त्यावर उतरले. मीही दुकान पुतण्यावर सोपवून गेले होते. तिथं वड-पिंपळाला मिठी मारणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं: झुडपाला मिठी मारता येत नाही म्हणून ते मोजायचंच नाही का? या आंदोलनाला कमी लेखायचं नाही मला. उलट त्या मंडळींकडूनच आशा आहे.

चांगलं काम नाशकात झालेलंच नाही असंही नाही. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून लोकांनी देशी झाडांची देवराई उभी केली. रामशेजच्या शेजारचं बोरगड २००८ साली संवर्धन राखीव क्षेत्र झालं. बोरगडला जाऊन पाहा. चराई आणि तोड थांबवली की डोंगर आपणहून काय काय करतो ते तिथं दिसतं, आणि त्यात झुडपांचा वाटा किती तेही.

वृक्षलागवड करणाऱ्या सगळ्या मंडळांना, शाळांना, कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांना आपल्या पत्रातून एवढंच कळवावंसं वाटतं. खड्डे पाडायच्या आधी एकदा टेकडीवर चक्कर मारा, आणि ती पावसाळ्याच्या शेवटी मारा, म्हणजे फुलं-शेंगांवरून झुडपं ओळखता येतील. जूनमध्ये पाहणी आणि जूनमध्येच लागवड असं केलं की समोर सगळ्या काड्याच दिसतात. बरोबर कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना न्या किंवा पाड्यावरच्या एखाद्या आजीला. दोघंही आले तर उत्तम, त्यांचं आपसात जमतं. जी देशी झुडपं आहेत त्यांना चुन्याची खूण करा आणि खड्डे त्यांच्या मधल्या जागेत घ्या, झुडपाच्या पूर्वेला शक्यतो, म्हणजे रोपाला दुपारनंतरची सावली मिळेल. शंभर खड्ड्यांच्या जागी साठच बसले तर साठ पाडा. छायाचित्र साठांचंही छान येतं.

आणि रोपवाटिकांनी झुडपंही करावीत. कुठल्याही रोपवाटिकेत जाऊन मुरुडशेंग मागा, तोंडाकडं बघत राहतात; मग विलायती कुंपणाची रोपं दाखवतात. मुरुडशेंगेचं बी रुजायला हट्टी आहे, कारण त्याची साल टणक असते आणि पाणी आत शिरू देत नाही. रानात वर्ष-दोन वर्षं उन्हापावसानं, वणव्याच्या धगीनं ती साल ढिली होते. घरी करायचं तर पाणी उकळायला ठेवावं, आच बंद करून जरा थांबावं आणि मग बी त्यात टाकून रात्रभर तसंच राहू द्यावं. सकाळी जे फुगलं ते पेरावं. जे फुगलं नाही ते पॉलिश पेपरवर हलकं घासून पुन्हा भिजवावं. माती भारी नको. मुरूम, वाळू, थोडं शेणखत. पहिल्या वर्षी वरची वाढ फारशी दिसत नाही, म्हणून फेकून देऊ नये.

बी विकत घ्यायची गरज नाही. गेल्या हिवाळ्यातल्या शेंगा निवडताना सांडलेलं बी मी एका बरणीत ठेवलेलं आहे. कुठल्याही शाळेला, मंडळाला किंवा रोपवाटिकेला हवं असेल तर दहीपुलाकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात मागावं, पुडी बांधून देईन, पैसे घेणार नाही. फक्त सोमवारी येऊ नका, दुकान बंद असतं.

आपली,
एक काष्ठौषधी विक्रेती,
जुने नाशिक
(कृपया नाव छापू नये, बाकी पत्र कापाकापी न करता छापलं तर आभारी राहीन.)